टॉवर म्हणाला एक, पायलटने ऐकलं भलतंच

मागच्या अंकात विमानांबद्दल काय विचारायचं ते विचारा असं लिहिलं होतं, मला वाटलं तिकिटं एवढी महाग का आणि बॅगा कुठे जातात हेच येणार, पण पत्रांचा ढीग आला तो पायलट आणि कंट्रोलर यांच्या बोलण्यावर. मी सगळी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात केली, आता रिटायर होऊन पार्ल्यात राहतो, आणि हा विषय निघाला की मला थांबवणं घरच्यांना जमत नाही, संपादकांनाही जमलेलं नाही हे खालच्या काही उत्तरांच्या लांबीवरून दिसेलच.

विमान मुंबईहून उडतं तेव्हा पायलट नक्की कोणाशी बोलत असतो? टॉवरमध्ये एकच माणूस असतो का? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, विलेपार्ले)

नाही गं, एकच माणूस असता तर वेडाच झाला असता. आधी डिलिव्हरी नावाची पोझिशन असते, ती रूट आणि सुरुवातीची उंची देते. मग ग्राउंड, म्हणजे पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणं) कधी करायचं आणि कुठल्या टॅक्सीवेने, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रस्त्याने, जायचं ते. रनवेजवळ आलं की टॉवर. चाकं सुटली की रडारवाले, ते काही त्या ८४ मीटरच्या उंच टॉवरच्या काचेत बसत नाहीत, ते खिडकी नसलेल्या हॉलमध्ये स्क्रीनसमोर असतात, लोकांना हे सांगितलं की उगाच निराश होतात. मग एरिया कंट्रोल, आणि विमान अरबी समुद्रावर दूर गेलं की तिथे नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ पोचतच नाही, तिथे एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, मुंबई रेडिओ, खरखर इतकी की नवीन माणसाला पहिला आठवडा नुसता आवाज ऐकू येतो, शब्द नाही.

प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, पण एका फ्रिक्वेन्सीवर असलेले सगळे पायलट सगळ्यांचं ऐकतात, आणि बोलायचं मात्र एका वेळी एकानेच. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बटण दाबलेलं असताना तुला दुसऱ्याचं काहीही ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर बाकीच्यांना शिट्टीसारखा किंवा चिरका आवाज येतो आणि त्या दोघांना पत्ताच नसतो की आपलं बोलणं वाया गेलं. चांगला पायलट असेल तर तिसराच मध्ये ‘ब्लॉक्ड’ एवढं म्हणतो, मग दोघंही परत बोलतात. ही बटणाची गोष्ट लक्षात ठेव, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आणि कंट्रोलरने सांगितलेलं पायलटने जसंच्या तसं परत म्हणायचं, त्याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, रनवे, क्लिअरन्स, फ्रिक्वेन्सी हे परत म्हणावंच लागतं, नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. सिनेमात चालतं.

स्पेनच्या कुठल्या तरी बेटावर दोन जंबो जेट आपटली ती फक्त एका वाक्यामुळे, असं ऐकलं. एका वाक्याने एवढी माणसं कशी जातील? (गृहिणी, घाटकोपर)

ताई, ते बेट टेनेरिफे, विमानतळ लॉस रोडिओस, तारीख २७ मार्च १९७७. केएलएम आणि पॅन ॲमची दोन बोइंग ७४७, मेले ५८३. विमान वाहतुकीच्या इतिहासात अपघात म्हणावा असा याच्याहून मोठा अजून झालेला नाही. आणि दोन्ही विमानं हवेत नव्हतीच, जमिनीवरच होती.

तुमचा प्रश्न बरोबर आहे, एका वाक्याने एवढं होत नाही, आधी बरंच काही रचून ठेवलेलं असावं लागतं. शेजारच्या ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवली, उभी करायला जागा उरली नाही, टॅक्सीवे भरला, त्यामुळे विमानांना रनवेवरूनच उलट चालत टोकाला जावं लागत होतं. केएलएम टोकाला जाऊन वळून उभं राहिलं, त्याच्या मागून त्याच रनवेवर पॅन ॲम येतंय, त्याला मधेच डावीकडे बाहेर पडायचं होतं पण ते वळण सापडलं नाही. त्यात धुकं उतरलं. टॉवरला दोन्ही विमानं दिसत नाहीत, विमानांना एकमेकं दिसत नाहीत, जमिनीवरचं रडार नाही. केएलएमच्या कॅप्टनला ड्युटीच्या तासांची घाई, डच नियम कडक होते.

आता बोलणं बघा. टॉवरने केएलएमला रूटचं क्लिअरन्स दिलं, म्हणजे उडाल्यावर कसं कसं जायचं ते, उडायची परवानगी नाही. पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ शब्द होता. को-पायलट ते परत म्हणत असतानाच कॅप्टनने ब्रेक सोडले आणि को-पायलटने शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरला वाटलं टेकऑफच्या जागी तयार उभे आहेत. त्याला म्हणायचं होतं आम्ही निघालो. कंट्रोलर म्हणाला ‘ओके’, क्षणभर थांबला, आणि मग म्हणाला की टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो. नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमवाल्यांनी घाबरून बटण दाबलं की अहो आम्ही अजून रनवेवर आहोत. दोन्ही एकदम. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आलं ते ‘ओके’, आणि पुढे शिट्टी.

त्यानंतरही एक संधी होती आणि मला सगळ्यात जास्त तीच लागते. टॉवरने पॅन ॲमला सांगितलं रनवे सोडला की कळवा, पॅन ॲम म्हणालं कळवतो, हे केएलएममध्ये स्वच्छ ऐकू आलं. त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंसुद्धा की ते पॅन ॲम बाजूला झालेलं नाहीये का. कॅप्टन ठासून ‘हो’ म्हणाला. कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस, ७४७ चं ट्रेनिंग देणारा, जाहिरातीत फोटो असलेला, त्याला दुसऱ्यांदा कोण विचारणार? केएलएममधले सगळे २४८ गेले, पॅन ॲममधले ६१ वाचले.

यानंतर नियम झाला की टेकऑफ हा शब्द फक्त उडायची परवानगी देताना किंवा दिलेली काढून घेताना वापरायचा, बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचं. आजही मुंबईला पायलट ‘रेडी फॉर डिपार्चर’ म्हणतो ते त्याच्यामुळे. आणि नुसतं ‘ओके’ म्हणून मग विचार करत बसायचं ही सवय तर ट्रेनिंगमध्येच मोडून काढतात. मला विचाराल तर नियमापेक्षाही मोठा बदल दुसरा झाला, कॉकपिटमध्ये ज्युनिअरने बोलायचं आणि सिनिअरने ऐकून घ्यायचं हे मुद्दाम शिकवायला लागले. आपल्याकडे ते रुजायला वेळ लागला, कारणं तुम्हाला माहितीच आहेत.

सगळं परत म्हणून दाखवतात तर मग चूक होतेच कशी? (खासगी नोकरी, रोज डोंबिवली ते बीकेसी)

तुमच्या सोसायटीत इंटरकॉम आहे ना? वॉचमनला म्हणा, ‘कुरिअरवाल्याला वर पाठवू नका’, आणि शेवटचा शब्द खरखरीत गेला तर तो काय ऐकेल? ‘वर पाठवू’. आणि म्हणेल, ‘हो साहेब, पाठवतो वर’, आणि तुम्ही तोपर्यंत रिसिव्हर ठेवून टीव्हीकडे वळलेले असता. म्हणजे त्याने रीडबॅक केलं, चुकीचं केलं, पण ते ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं. अर्धे घोटाळे याच जातीचे.

१९ फेब्रुवारी १९८९, फ्लाइंग टायगर नावाच्या कंपनीचं मालवाहू ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’, म्हणजे २४०० फुटांवर या. इंग्रजीत दोनचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’वाला ‘टू’ कानाला एकच, पायलटने ऐकलं चारशे फुटांपर्यंत या. त्याने परत म्हटलं ‘ओके, फोर झिरो झिरो’. कंट्रोलरने ती चूक पकडली नाही. विमानातलं जमीन जवळ आल्याचं यंत्र ओरडत होतं तेही कोणी मनावर घेतलं नाही, टेकडीवर आपटलं, चारही जण गेले. आता ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ असं हजार आणि शे लावूनच म्हणतात.

पण माझ्या मते खरा घातक प्रकार तो, जिथे रीडबॅक अगदी शंभर टक्के बरोबर असतं. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. आदल्या दिवशी नोतोला भूकंप झालेला, तटरक्षक दलाचं छोटं विमान मदतीचं सामान घेऊन निघालेलं. टॉवरने सांगितलं, नंबर वन, सी-फाइव्ह या होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंत, टॅक्सी करा. नंबर वन म्हणजे उडायच्या रांगेत तुम्ही पहिले. पायलटने सगळं बरोबर परत म्हटलं, सी-फाइव्ह, नंबर वन, थँक यू. आणि होल्डिंग पॉइंटला न थांबता सरळ रनवेवर जाऊन उभा राहिला, कारण त्याच्या डोक्यात बसलं की आपल्याला रनवेवर जायला सांगितलंय. मागून जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं ते थेट त्याच्यावर. मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर पडले, हे केबिन क्रूचं कर्तृत्व, छोट्या विमानातल्या सहापैकी पाच गेले. शब्द बरोबर, परत म्हटले तेही बरोबर, फक्त मनात अर्थ दुसरा. यावर रीडबॅक काय करणार? जपानने लगेच काही काळ ते ‘नंबर वन’ सांगणंच बंद केलं, घाईत असलेल्या माणसाला तुझा पहिला नंबर आहे असं सांगितलं की पुढचं त्याला ऐकू येत नाही.

तिसरा प्रकार तुमच्या मुंबईतला रोजचा, सारखे वाटणारे कॉलसाइन. इंडिगोचं रेडिओवरचं नाव आयफ्लाय, ब्रिटिश एअरवेजचं स्पीडबर्ड, तसं प्रत्येक कंपनीचं असतं, आणि मागे नंबर. आता एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच कंपनीची चार विमानं, नंबरात एका आकड्याचा फरक, एकाला दिलेली उंची दुसऱ्याने घेतली की झालं. म्हणून कंपन्या नंबरात अक्षरं घालतात आणि कंट्रोलर ‘सिमिलर कॉलसाइन’ म्हणून दोघांनाही सावध करतो. आपल्याकडे दोन रनवे आहेत पण एकमेकांना छेदतात, म्हणजे वापरात एका वेळी एकच, आणि गर्दीच्या तासाला चाळीसहून जास्त विमानं चढ-उतार करतात, त्यामुळे बोलायला फट सापडणंच कठीण असतं. पावसाळ्यात सगळे एकदम ढग चुकवायला दिशा मागतात तेव्हा तर विचारू नका.

१९९६ ची दिल्लीजवळची टक्कर इंग्रजी न आल्यामुळे झाली असं आमच्या वेळी पेपरात होतं. खरं का? आणि दोघंही मराठी असले तर पायलट-कंट्रोलर मराठीत का बोलत नाहीत? (निवृत्त शिक्षक, ठाणे)

सर, दोन प्रश्न विचारलेत, दोन्हीचं उत्तर देतो, जरा लांबेल.

१२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. सौदीचं ७४७ दिल्लीहून धहरानला चढत निघालेलं, त्याला १४ हजार फुटांपर्यंत परवानगी. कझाकस्तानचं इल्युशिन-७६ समोरून दिल्लीला उतरत येणारं, त्याला १५ हजार. मधे हजार फूट, नियमाप्रमाणे ठीक. कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं की समोरून सौदियाचं विमान येतंय, इतके मैल, १४० वर (म्हणजे १४ हजार फुटांवर), दिसलं की कळवा. कझाक विमान पंधरावर थांबलंच नाही, खाली उतरलं. ३४९ गेले, दोन्ही विमानांतले सगळे. हवेतल्या टकरींमध्ये जगात सगळ्यात मोठी.

चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने दोष कझाक विमानावर ठेवला आणि त्यामागे त्यांचं कच्चं इंग्रजी, कॉकपिटमधला नसलेला ताळमेळ ही कारणं दिली. पण ‘इंग्रजी आलं नाही’ एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळते. त्या विमानात टॉवरशी बोलायचा एक वेगळा रेडिओ ऑपरेटर, तो बोलणार, आणि विमान चालवणारे दुसरेच. म्हणजे ज्याने ऐकलं त्याच्या हातात विमान नाही, आणि त्याच्यासमोर स्वतःची उंची दाखवणारं यंत्रही नाही. समोरच्या विमानाची उंची सांगितली, ती आपल्यासाठी आहे असं वाटलं असेल का, अशी शंका अनेकांनी घेतली आहे. आणि आपली बाजूही सांगायला हवी, त्या वेळी दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद वाटेने, बाकीचं आकाश लष्कराचं, आणि रडार असं की ठिपका दिसे पण उंची दिसत नसे. कंट्रोलरला उंची कळायची ती पायलट सांगेल तीच. नंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारं रडार आलं, आणि एकमेकांजवळ आल्यावर विमानांनी स्वतःच इशारा द्यायचं टीकॅस यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. या गोष्टी आधी झाल्या असत्या तर कच्चं इंग्रजी पचून गेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजीची परीक्षा मात्र खरंच आली. आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओने एक ते सहा पातळ्या ठरवल्या, आंतरराष्ट्रीय उड्डाणं करायची किंवा सांभाळायची तर किमान चौथी लागते, आणि चौथीवाल्याला दर तीन वर्षांनी परत परीक्षा. २००८ पासून हे लागू, काही देशांना तयारीला २०११ पर्यंत मुदत मिळाली. गंमत म्हणजे यात इंग्रज आणि अमेरिकन सुटले, आणि माझ्या सगळ्या नोकरीत समजायला अवघड गेलेले पायलट बहुतेक तेच, कारण त्यांना ठरलेले शब्द वापरायचा कंटाळा. घरची भाषा ना! आपला नागपूरचा किंवा कोचीचा पोरगा पुस्तकातलं वाक्य पुस्तकासारखं म्हणतो, कळतं. आकडेसुद्धा मुद्दाम वेडेवाकडे म्हणायचे ठरलेत, थ्रीचं ट्री, नाइनचं नाइनर, कारण खरखरीत नाइन आणि फाइव्ह एकच वाटतात. ‘अफर्मेटिव्ह’ न म्हणता ‘अफर्म’, कारण ‘निगेटिव्ह’चं आणि त्याचं शेपूट सारखं, पुढचं तुटलं तर हो का नाही कळायचं नाही.

आता मराठीचं. नियमाने तिथली स्थानिक भाषा चालते, फ्रान्समध्ये फ्रेंच पायलट फ्रेंचमध्येच बोलतात. पण मी मघाशी सांगितलं तसं फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकत असतात आणि त्यावरून मनात चित्र तयार करतात की कोण कुठे आहे. २५ मे २००० ला पॅरिसच्या चार्ल्स द गॉलवर कंट्रोलरने फ्रेंच विमानाला फ्रेंचमध्ये उडायची परवानगी दिली आणि छोट्या ब्रिटिश मालवाहू विमानाला इंग्रजीत त्याच रनवेवर यायला सांगितलं. ब्रिटिशांना फ्रेंच कळलं असतं तर ते थांबले असते. मोठ्याचा पंख छोट्याच्या कॉकपिटमधून गेला, को-पायलट गेला. त्याआधी १९७६ ला झाग्रेबवर १७६ माणसं गेली तेव्हाही शेवटच्या क्षणी कंट्रोलर एका विमानाशी आपल्या भाषेत बोलायला लागला, दुसऱ्या विमानातल्यांना काही कळायचा मार्गच नव्हता. मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी दुबईवाला, लंडनवाला, सिंगापूरवाला ऐकत असतो. ‘नमस्कार’ म्हणतात सगळे, तेवढी हौस भागवून घेतो आपण. मराठीचा अभिमान मलाही आहे पण तो रनवेपासून लांब बरा.

पायलटला अडचण आली तर तो सरळ सांगतोच ना? त्यात कसला गैरसमज? (नर्स, मुलुंड)

सिस्टर, तुम्ही हॉस्पिटलात आहात, तुम्हीच सांगा, पेशंट ‘जरा बरं वाटत नाहीये’ म्हणतो आणि प्रत्यक्षात छातीत दुखत असतं, हे कधी बघितलं नाहीत का?

२५ जानेवारी १९९०. एव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ कोलंबियाहून न्यूयॉर्कच्या केनेडीला आलं. हवा खराब, गर्दी, तीन वेळा मिळून सव्वा तासाहून जास्त हवेत घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. को-पायलटने रेडिओवर ‘प्रायॉरिटी’ मागितली. पहिल्यांदा उतरायचा प्रयत्न फसला, वर गेले, तेव्हा कॅप्टनने त्याला सांगितलं की इमर्जन्सी आहे असं सांग त्यांना. त्याने काय सांगितलं? कंट्रोलरने दिलेली दिशा परत म्हटली आणि त्याच दमात जोडलं की आमचं इंधन संपत चाललंय. इमर्जन्सी हा शब्द नाही, मेडे हा जीव धोक्यात असल्याचा ठरलेला शब्दही नाही. कॅप्टनने नंतर विचारलं, सांगितलंस का? हो सर, सांगितलं. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते. इकडे कंट्रोलरच्या कानावर ‘इंधन कमी आहे’ हे रोज दहा विमानं घालतात, त्याने शांतपणे लांबचा फेरा दिला. चारही इंजिनं बंद पडली, लाँग आयलंडवर कोव्ह नेक गावात विमान पडलं, १५८ पैकी ७३ गेले. आग लागली नाही, जळायला टाकीत काही नव्हतंच.

लोक यालाही इंग्रजीचा अपघात म्हणतात. को-पायलटचं इंग्रजी कामापुरतं ठीक होतं हो. मला यात भीड दिसते. पलीकडे न्यूयॉर्कचा कंट्रोलर तोफेसारखा बोलतोय, आपण परदेशी, सगळे निमूट रांगेत आहेत, तिथे मोठ्याने ‘मी मरतोय, आधी मला घ्या’ कसं म्हणायचं? आपल्या मराठी माणसाला हे फार चांगलं कळेल, घरात लग्नाचा मांडव पेटला तरी आधी ‘जरा येता का’ म्हणू.

आता यावर दोनच ठरलेले शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर केलात तर अडचण होईल, आणि ‘मेडे फ्युएल’, मेडे तीनदा म्हणून, म्हणजे राखीव साठ्याला हात लागणार. त्याच्या मधलं काही नाही. मेडे म्हटलं की कंट्रोलरला निवड उरत नाही, सगळे बाजूला, तू आधी. आणि त्याबद्दल नंतर फॉर्म भरावे लागतात म्हणून मेडे म्हणायला कचरणारे पायलट अजूनही आहेत. त्यांना माझं म्हणणं, भरा ना फॉर्म. हातात पेन धरता येतंय ही काय कमी गोष्ट आहे?

आमच्या कुर्ल्यावरून उतरता उतरता विमान एकदम गर्जना करत परत वर गेलं. टॉवरशी गोंधळ झाला असणार ना? (वाचक, कुर्ला पश्चिम)

बहुतेक नाही. त्याला गो-अराउंड म्हणतात, पुढचं विमान रनवेवरून वेळेत बाहेर पडलं नाही, वारा फिरला, किंवा पायलटला आपली उंची-वेग जमत नाहीये असं वाटलं की तो वर जातो. एका रनवेवर एवढी वाहतूक असली की हे होणारच. आवाज भीतीदायक असतो पण तो शहाणपणाचा आवाज आहे. पुढच्या वेळी वर जाणाऱ्याला हात करा.

एक परदेशी विमान चुकून जुहूला उतरलं होतं असं आमचे वडील सांगायचे. आम्ही त्यांना थापाडे म्हणायचो. (ज्येष्ठ नागरिक, जुहू)

वडिलांची माफी मागा, एक नाही दोन उतरली होती. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट, जगातलं पहिलं प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर आलं, तिथून ते परत काढायला नऊ दिवस लागले. आणि २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, लंडनहून टोकियोला निघालेलं, तेही तसंच, पण ते धावपट्टी संपली तरी थांबलं नाही, पुढे गेलं आणि विमान कायमचं निकामी झालं, काही लोक जखमी, जीव कोणाचा गेला नाही.

नकाशा बघितलात तर कळेल, दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ आणि साधारण एकाच दिशेला आखलेल्या. पायलटला ‘रनवे दिसला’ की त्याचं समाधान, टॉवरचंही समाधान, कुठला रनवे हे दोघांच्या मनात वेगवेगळं असू शकतं. हानेदाचाच प्रकार झाला बघा, फक्त कानाच्या जागी डोळा. आता उतरण्याची वाट यंत्र दाखवतं आणि टॉवरचा माणूस स्क्रीनवर बघत असतो, त्यामुळे मोठं विमान जुहूला यायची शक्यता जवळपास नाही. जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टर. १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते हे तुम्हाला सांगायला नकोच, वडिलांनी सांगितलं असेल.

एवढे घोटाळे होतात तर सरळ मेसेज का नाही पाठवत? व्हॉट्सॲपच्या जमान्यात रेडिओ कशाला? (वाचक, नेरूळ)

पाठवतात की. सीपीडीएलसी म्हणून पद्धत आहे, कंट्रोलर टाइप करतो, पायलटच्या स्क्रीनवर येतं, तो बटणाने मान्य करतो. अरबी समुद्रावर लांब गेलेल्या विमानांना मुंबई कंट्रोल तसेच मेसेज देतं, त्या खरखरीतून सुटका. पण तिथे दोन विमानांत मोकळं अंतर असतं आणि उत्तर यायला मिनिटभर लागलं तरी चालतं. रनवेपासून चार मैलांवर असलेल्या विमानाला ‘आत्ता वर जा’ हे टाइप करून कोण पाठवणार? आवाजात आणखी एक गोष्ट कळते जी मेसेजमध्ये कळत नाही, समोरचा घाबरलाय की नाही. पायलट ‘स्टँडबाय’, म्हणजे जरा थांबा, कसं म्हणतो त्यावरून आम्ही शेजारच्याला खूण करायचो.

घरी बसून हे बोलणं ऐकता येतं का? नातवाला फार नाद आहे. (निवृत्त बँक कर्मचारी, अंधेरी पूर्व)

मुंबईचं नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय या फ्रिक्वेन्सी ऐकणं कायद्यात बसत नाही, तेव्हा ऑनलाइन रिसिव्हर मागवून नातवाच्या हातात देऊ नका. अमेरिकेत चालतं, तिथल्या विमानतळांचं बोलणं इंटरनेटवर लाइव्ह मिळतं. केनेडीचं ग्राउंड लावून द्या, तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, शाळेतून आल्यावर ऐकेल. सुरुवातीला एक अक्षर कळणार नाही, त्याला सांगा विमानतळाचा नकाशा समोर ठेव आणि एकच कॉलसाइन पकडून शेवटपर्यंत त्याच्या मागे जा. आणि कोणी ‘से अगेन’, म्हणजे परत सांगा, म्हटलं की वहीत एक रेघ मारायची. परीक्षेच्या दिवसांत मात्र नको, एकदा कान लागला की सुटत नाही.